यांना पालथं घालू दिलं तेव्हा

शैलाताईंचं नाव सगळ्यात आधी लिहिते. पुढचं सांगायला लागले की मला रडू येतं, आणि त्या भरात ज्यांच्यामुळं हे लिहायला बसले त्यांचंच नाव राहून जायला नको. शैलाताई मुंबईला एका मोठ्या दवाखान्यात नर्स आहेत. त्यांचं गाव संगमेश्वराच्या आतल्या अंगाला. आमचं त्यांच्याशी नातं नव्हतं, ओळख नव्हती, त्यांची बोली मला धड कळत नव्हती आणि माझी त्यांना. शिमग्याला त्या गावी आल्या होत्या. त्यांच्या मावशीला रत्नागिरीच्या दवाखान्यात ठेवलंय म्हणून तिला बघायला त्या एका दुपारी जिना चढून वर आल्या, आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर मी बसले होते. एवढ्यावरच सगळं घडलं.

मी परभणीकडची. सहावीतून शाळा सुटली ती सुटलीच, त्यामुळं लिहिण्यात चुकलं-माकलं समजून घ्यावं. आमच्या गावचे सोपानमामा बरीच वर्षं इकडं कामाला आहेत, त्यांच्या ओळखीनं आम्ही दोघं रत्नागिरीजवळ चिऱ्याच्या खाणीवर आलो. इकडची घरं तांबड्या दगडाची. त्या दगडाचे चौकोनी चिरे यंत्रानं कापून काढायचे आणि ट्रकमध्ये भरायचे, हे यांचं काम. हे म्हणजे माझे मालक, बालाजी. नाव लिहिताना अजून हात अडखळतो. मुलीला सासूबाईंजवळ ठेवलं. त्यांना मी आत्याबाई म्हणते. देवीचा टाकही घरच्या देव्हाऱ्यातच राहिला. परमुलखात सोवळं-ओवळं कोण पाळणार, असं आत्याबाई म्हणाल्या आणि मला ते पटलं.

पण तेव्हापासून मनात एक शंका बसली. वाटायचं, देवांनाही हद्द असणार. इथले देव इथल्या माणसांना ओळखतात. शिमग्यात पालखीत बसून त्यांच्या घरोघर जातात, बायका ओटी भरतात, मुंबईची माणसं त्यासाठी रजा काढून येतात. खाणीवरच्या आमच्या पत्र्याच्या खोलीवरून पालखी जायची ती सरळ वाडीकडं. आम्ही कडेला उभं राहून हात जोडायचो, पाव्हण्यासारखं. आमची आई तुळजापूरला, घाटाच्या पल्याड. एवढ्या लांब माझी हाक कशी जायची? सणावाराला डोळे मिटले तरी आधी हेच मनात यायचं, आणि मग मागणं अर्धवटच राहायचं.

फाल्गुनातली गोष्ट. कापलेल्या चिऱ्यांची थप्पी रचून ठेवली होती. ट्रक मागं घेताना तिला धक्का लागला का खालची मातीच सरकली, ते आजही कुणाला नीट सांगता येत नाही. थप्पी यांच्या अंगावर आली. दवाखान्यात आणलं तेव्हा हे शुद्धीवर होते. बरगड्या मोडल्या होत्या, नडगी मोडली होती, छातीत रक्त साठलं होतं ते काढायला बगलेखालून नळी घातली. पण बोलत होते. मला म्हणाले, "खाणीवर माझी चप्पल राहिली, मामाला आणायला सांग." माणूस चपलेची काळजी करतोय म्हणजे माणूस जगतोय, असं मी धरून चालले.

मग दम लागायला लागला. आधी बोलताना, मग नुसतं पडल्या पडल्या. ओठ निळसर दिसायला लागले आणि एका सकाळी डॉक्टरांनी घशात नळी घालून यांना यंत्रावर ठेवलं. डॉक्टर तरुण होते, इकडचेच. त्यांनी मला काही लपवलं नाही. एवढा मार बसल्यावर फुफ्फुसं सुजतात, त्यांत पाणी झिरपतं, म्हणाले. यंत्र पुऱ्या ताकदीनं हवा देतंय, पण ती हवा रक्तात उतरत नाही. मी विचारलं, कोल्हापूरला न्यायचं का? ते म्हणाले, "घाट चढेपर्यंत ते टिकणार नाहीत, ताई. खोटं कसं सांगू?"

मी देवीला म्हणलं, तू घाट उतरून ये. तू उतरू शकतेस का नाही ते मला माहीत नाही, पण ये. असं मागणं मागून काय होणार होतं? आत शंका आणि वर हात जोडलेले. काही झालं नाही. भिंतीवरचा पंखा फिरत राहिला आणि आतल्या यंत्रावरचा ऑक्सिजनचा आकडा खाली येत राहिला.

त्याच दुपारी डॉक्टर बाहेर आले. सोपानमामा माझ्याजवळ उभे होते. डॉक्टर म्हणाले, "आता एकच करून बघायचंय. त्यांना पालथं घालतो. तुमची परवानगी लागेल. दोघं मिळून ठरवा, पण उशीर करू नका." आतून सिस्टरनं हाक मारली म्हणून ते तसेच आत गेले.

आता आमच्या गावची रीत सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्याकडं माणूस गेला की त्याचा पाणी प्यायचा तांब्या उंबऱ्याबाहेर नेऊन पालथा घालतात. त्याला आता पाणी लागणार नाही म्हणून. त्यावरून गावात बोलायची पद्धतच पडली आहे. अमक्याला पालथं घातलं म्हणजे तो गेला, त्याचं आटोपलं. तोंडानं 'मेला' म्हणायला नको म्हणून असं म्हणायचं. डॉक्टरांच्या तोंडून ते ऐकलं आणि मला वाटलं, हा भला माणूस आपल्याला वाईट वाटू नये म्हणून असं बोलतोय. यंत्र बंद करायची परवानगी मागतोय. सोपानमामांनाही तेच वाटलं. त्यांनी डोक्याची टोपी काढली आणि ते भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. मी जिन्याच्या पायरीवर बसले आणि तोंडावर पालथा हात मारून मोठ्यानं रडायला लागले, आमच्याकडं मयताला रडतात तसं.

मामा खाली गेले ते गावाकडं फोन करायला, हे मला मागाहून कळलं. थोड्या वेळात माझाच फोन वाजला. आत्याबाई होत्या. त्यांच्यामागं बायका जमल्याचा आवाज येत होता.

"कधी गेला गं माझा बाळू?"

"आत्याबाई, गेले नाहीत. मशीन चालू आहे."

"मग सोपान काय सांगतोय?"

"डॉक्टर पालथं घालतो म्हणले."

मग त्या हळू म्हणाल्या, "तेच झालं की गं बाई. जित्या माणसाला कुणी पालथं घालतं का? तू हो म्हणू नको. हात लावू देऊ नको त्याला."

फोन ठेवला आणि पुन्हा रडायला लागले. तेव्हा कुणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवला. बघते तर हिरव्या पंजाबी ड्रेसमधली, पन्नाशीकडं झुकलेली बाई, हातात केळ्यांची पिशवी.

"कोण गेलं गो बाय?"

"कुणी नाही."

"मग एवढा शंख कशाला? माझी मावशी सलाईन ओढून उठून बसली असेल, तिला वाटलं असेल तिलाच न्यायला आले."

मला हसू यायची ती वेळ नव्हती. मी आतल्या दाराकडं बोट केलं. म्हणलं, "माझे मालक आहेत. त्यांना पालथं घालणार आहेत."

त्या माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या, पुढचं ऐकायला थांबल्यासारख्या. "बरं. मग?"

"मग काय, ताई? पालथं."

"पालथं म्हणजे पोटावर गो. पोटावर झोपवणार. त्यात रडण्यासारखं काय हाय?"

मी त्यांना तांब्याचं सांगितलं. त्यांनी मधे तोंड घातलं नाही. सगळं ऐकलं, केळ्यांची पिशवी पायरीवर ठेवली आणि माझ्या शेजारी बसल्या. म्हणाल्या, "पोर आहे तुला?"

"मुलगी आहे."

"ती पालथी पडायला लागली तेव्हा काय केलंस? तेव्हाही तोंडावर हात मारलास?"

"तेव्हा साखर वाटली," मी म्हणलं.

मला माझी पोर दिसली. गोधडीवर हातपाय झाडत, लालबुंद होत, एका कुशीवर येऊन धपकन पोटावर पडलेली, आणि मान वर करून आमच्याकडं बघणारी. हे तेव्हा कामावरून नुकतेच आले होते. घामेजल्या अंगानंच ओरडले होते, पालथी पडली, पालथी पडली. तोच शब्द. तो माझ्या तोंडात घर करून होता आणि मला त्याची दुसरी बाजू आठवली नाही.

मग शैलाताईंनी मला समजावलं. त्यांनी नाव सांगितलं, मुंबईला अतिदक्षता विभागात काम करते म्हणाल्या, करोनाच्या वेळी असे पुष्कळ पेशंट पालथे केलेत म्हणाल्या. "गोधडी भिजवून एका जागी टाकलीस तर पाणी कुठं उतरतं? खालच्या अंगाला. तुझा घरवाला इतके दिवस उताणा हाय. त्याच्या फुफ्फुसांची पाठीकडची बाजू तशीच झालीय, दबलेली, ओली. पालथं केलं की ती बाजू मोकळी होते. हवेला शिरायला जागा मिळते."

"पण बरगड्या मोडल्यात. मोडक्या छातीवर झोपवायचं?"

"हे बरोबर विचारलंस. पण ते मला नको, डॉक्टरांना विचार. त्यांनी तपासलंय, मी नाय. चल, ऊठ."

डॉक्टरांना दाराशी बोलावलं. मी तांब्याची गोष्ट त्यांनाही सांगितली, कारण मला वाटलं, त्यांनाही कळायला पाहिजे. ते म्हणाले, "मला खरंच माहीत नव्हतं. आमच्या घरी आई म्हणते, पालथा झोप, पाठ चेपते." मग त्यांनी माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं. छातीखाली आणि कमरेखाली उशा देऊ, पोट मोकळं राहील. मणक्याचे फोटो काढून बघितलेत, मणका शाबूत आहे, तो मोडला असता तर हे सुचवलंच नसतं. बरगड्यांना त्रास होईल, पण ते औषधानं गाढ झोपेत आहेत. उलटताना श्वासाची नळी निसटायचा धोका आहे, बगलेतली नळी ओढली जायचा धोका आहे, म्हणून सगळं सावकाश करायचं. एवढं करून गुण येईलच अशी खात्री देत नाही. "पण असंच उताणं ठेवलं तर पुढं मला वाट दिसत नाही," असं ते म्हणाले.

त्यांच्यामागं मोठ्या सिस्टर उभ्या होत्या. त्यांचं लक्ष शैलाताईंकडं गेलं. "शैला? तू इथं कुठं?" शैलाताईंची पहिली नोकरी याच दवाखान्यातली निघाली. दोघींनी हातात हात घेतले. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "अर्धी माणसं शिमग्याला गेलीत. यांच्या पायाला पट्ट्या, छातीला नळी, एक हात कमी पडतोय बघ." शैलाताई म्हणाल्या, "मी आहे की. पण तुमच्या साहेबांना विचारा आधी." डॉक्टरांनी त्यांच्या वरिष्ठांना फोन लावला, दोन-चार वाक्यं झाली आणि ते चालेल म्हणाले.

तेवढ्यात शैलाताईंचा फोन वाजला. त्या बाजूला जाऊन बोलत होत्या, पण मला ऐकू येत होतं. "दादा, पालखी कुठवर आली? वरच्या वाडीत? मग संध्याकाळला आपल्याकडं येईल. माझ्यासाठी थांबू नका. ओटी आईला भरू दे. नाय नाय, मावशी बरी हाय. दुसरं काम निघालंय."

या बाया वर्षभर त्या एका संध्याकाळची वाट बघतात, हे खाणीवर राहून मला कळत होतं. मी म्हणलं, "ताई, तुमच्या घरी देव येणार. तुम्ही जावा."

"तू तुझं बघ गो. हो का नाय ते सांगितलंस का डॉक्टरांना?"

सांगितलं नव्हतं. सगळे माझ्याकडं बघत होते. आजवर कुठलीही मोठी गोष्ट मी एकटीनं ठरवली नव्हती. गाव सोडायचं यांनी ठरवलं, मुलीला मागं ठेवायचं आत्याबाईंनी ठरवलं. आता हे पडून होते आणि आत्याबाई नको म्हणत होत्या. मी आत्याबाईंना फोन लावला. विचारायला नाही, सांगायला. म्हणलं, "आत्याबाई, पालथं म्हणजे पोटावर. आपली पोर पडली होती तसं. हे अजून आहेत. मी हो म्हणणार आहे. काही कमी-जास्त झालं तर मला बोला, डॉक्टरला नाही." त्या रडत होत्या, काहीबाही बोलत होत्या. शैलाताईंनी फोन मागून घेतला आणि त्यांच्याशी बोलायला लागल्या. "आई, वायच ऐका माझं. तुमच्या झिलग्याला काय नाय होणार असं मी नाय म्हणत, पण..." झिलगा म्हणजे मुलगा, ही इकडची बोली. फोन माझ्याकडं आला तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "ही कोण बाई गं? झिलगा झिलगा करती. काय कळंना. पण आवाज गरीब आहे तिचा." मग म्हणाल्या, "तुला पटतंय ना? मग कर. मी देवीपुढं बसते."

मी डॉक्टरांना म्हणलं, "घाला पालथं." शब्द मुद्दाम तोच घेतला. त्याला भ्यायचं नाही असं मी ठरवलं होतं.

आत जायला मला मनाई होती, पण दाराला काच होती. शैलाताई हात धुऊन, वरून झगा घालून आत गेल्या. डॉक्टर यांच्या डोक्याशी उभे राहिले, एका हातानं घशातली नळी धरून. दोन्ही बाजूंना माणसं. शैलाताई छातीच्या बाजूला, बगलेतल्या नळीपाशी. मोडक्या पायाशी मोठ्या सिस्टर. यांच्या अंगावर उशा ठेवल्या, वर चादर घातली, वरची आणि खालची चादर दोन्हीकडून एकत्र गुंडाळून घट्ट धरली. शैलाताई वाकून यांच्या कानाशी काहीतरी बोलल्या. झोपेतल्या माणसाशी काय बोलत असतील असं मला वाटलं. त्या नंतर म्हणाल्या, "सांगितलं, बालाजीराव, घाबरू नका, आता तुम्हाला पालथं करतोय. न सांगता कुणाला उलटं करावं का?"

मग डॉक्टरांनी आवाज दिला. सगळ्यांनी मिळून यांना पलंगाच्या एका कडेला सरकवलं. थांबले. एकमेकांकडं बघितलं. पुन्हा आवाज, आणि यांना कुशीवर घेतलं. पुन्हा थांबले, नळ्या बघितल्या. मला तेव्हा खाणीच्या रस्त्यावरून जाणारी पालखी दिसली. खांद्याखांद्यावर वर-खाली होणारी, झुकणारी, एका अंगावर येणारी, आणि आतला देव न हलणारा, कारण धरणाऱ्यांपैकी एकाचाही हात ढिला नसतो. हे तसेच होते, चादरीत, त्या सगळ्या हातांच्या मधे. आजवर जी पालखी माझ्या दारावरून पुढं जायची ती या वेळी थांबली होती, असं मला वाटलं. मी काही बघितलं, दर्शन झालं, असं मी म्हणत नाही. काचेतून जे दिसत होतं तेवढंच दिसलं. पण माझे हात आपोआप जोडले गेले आणि पहिल्यांदाच मनात शंका आली नाही. तुळजापूरची का इथली, घाटावरची का घाटाखालची, काही विचारावंसं वाटलं नाही. ज्या कुणाचे हात होते त्यांच्यात मी यांना देऊन टाकलं. तिसरा आवाज झाला आणि हे पालथे झाले. मान एका बाजूला वळवलेली, एक हात डोक्याकडं घेतलेला, अगदी पोरीसारखा.

आधी आकडा आणखी खाली गेला. काचेतून मला दिसला. मी काच सोडली नाही. आत कुणी धावपळ केली नाही, डॉक्टर नुसते यंत्राकडं बघत उभे होते आणि शैलाताईंचा हात यांच्या पाठीवर होता. मग आकडा तिथंच थांबला. मग एक एक करत वर यायला लागला. ऊन भिंतीवरून उतरून गेलं तरी तो वरच होता. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "घेतायत. पाठीकडून हवा घेतायत." त्यांच्या कपाळावरचा घाम तेव्हा मला दिसला.

शैलाताई लगेच गेल्या नाहीत. पालथ्या माणसाचं तोंड ठरावीक वेळानं दुसरीकडं वळवावं लागतं, डोळ्यांवर, गालावर, गुडघ्यांवर दाब पडू द्यायचा नसतो, नवीन असलेल्या मुलींना ते शेजारी उभं राहून दाखवत होत्या. दिवेलागणीला त्या बाहेर आल्या आणि व्हरांड्याच्या खिडकीशी उभ्या राहिल्या. घरून फोन आला होता. पालखी अंगणात आली होती, ढोल वाजत होते, फोनमधून ते मलाही ऐकू आले. त्यांनी फोन कानाला लावून दुसरा हात कपाळाला लावला आणि खिडकीबाहेर बघत मान वाकवली. डोळे पुसले. माझ्याकडं वळून म्हणाल्या, "काय बघतंस? मावशीला केळी दिलीच नाय मी. तू खाल्लीस काय सगळी?" मी खरंच दोन खाल्ली होती.

यांना नंतरही पुष्कळ वेळा पालथं करावं लागलं. एकदा उताणं, एकदा पालथं, असं चाललं. एकदा ताप आला, एकदा आकडा पुन्हा घसरला, पण मी पायरीवर बसून रडले नाही. दारातून सिस्टर म्हणायची, "काकी, आता पालथं करतोय," आणि मी उठून काचेशी जाऊन उभी राहायची. शैलाताई रजा संपेपर्यंत मावशीच्या निमित्तानं येत राहिल्या. मग एक दिवस यंत्र सुटलं. घशातली नळी निघाली. यांचा आवाज कागद चुरगाळल्यासारखा झाला होता. मी आनंदाच्या भरात सांगायला गेले, "तुम्हाला पालथं घातलं होतं." यांनी डोळे मोठे केले. हेही आमच्याच गावचे ना. म्हणाले, "म्हणजे मी गेलो होतो?" मी इतकी हसले की सिस्टर बघायला आली.

आता हे काठीच्या आधारानं चालतात. यंत्र चालवायचं काम जमणार नाही, मुकादमानं देखरेखीचं काम देतो म्हणलंय. परवा आम्ही मांडवीला समुद्रावर गेलो. वाळूत बसून यांनी पोटभर श्वास घेतला, खोकला न येता. मी मुद्दाम मोजला नाही, नुसता ऐकला.

मी शिकलेली नाही. देव कसा येतो, कुठून येतो, हे सांगायचा मला अधिकार नाही. यांना बरं केलं ते डॉक्टरांनी आणि त्या सगळ्या हातांनी, हे मी डोळ्यांनी बघितलंय. पण त्या दुपारी शैलाताईंची मावशी दुसऱ्या दवाखान्यात असती तर, पालखी आदल्या दिवशी येऊन गेली असती आणि त्या मुंबईला परतल्या असत्या तर, माझं रडणं त्यांना ऐकू गेलं नसतं तर, असं मनात येतं आणि तिथं माझी अक्कल थांबते. देवावर सोडणं म्हणजे हात जोडून गप्प बसणं, असं मला वाटायचं. आता वाटतं, सोडणं म्हणजे आपली घट्ट मूठ उघडून आपलं माणूस दुसऱ्याच्या हातात देणं, आणि ते हात कुणाचे हे न विचारणं. ते आपल्याला ठरवून करावं लागतं. भीती जाईपर्यंत थांबलं तर वेळ निघून जाते. मी भीत भीतच हो म्हणाले होते.

शैलाताईंचा अधूनमधून फोन येतो. मागं एकदा म्हणाल्या, "माणसं उलटून उलटून कंबर गेली गो माझी." हसत म्हणाल्या, पण मला ते लागलं. त्यांनी आमच्याकडून कधी काही घेतलं नाही, साडी देऊ केली तर रागावल्या. म्हणून इथं लिहून ठेवते, म्हणजे मला विसरता येणार नाही. त्यांना कधी अंथरूण धरायची वेळ येऊ नये असं मी देवीजवळ रोज मागते. पण शरीर आहे. तशी वेळ आलीच, आणि त्यांना आपल्या जोरावर कूस बदलता येईना, तर त्यांनी मला एक निरोप पाठवावा. मी खाणीवर असेन नाहीतर परभणीला, असेन तिथून येईन. सगळं मी डॉक्टरांकडून नीट शिकून घेईन. डोक्याशी कुणीही उभं राहू दे. शैलाताईंच्या पाठीशी माझे हात असतील, आणि उलटण्याआधी मी त्यांच्या कानाशी वाकून सांगेन.